फोटोतला पत्ता

दादा परदेशातल्या एका बंदरावर क्रेन चालवायला गेला, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. जाताना त्याने आईला एकच शब्द दिला होता, दर रविवारी एक फोटो पाठवीन म्हणून. रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर त्याचा चेहरा आला, की आई चष्मा पुसायची, फोन नाकाला लागेल इतका जवळ धरायची आणि "वाळलाय गं," किंवा "जरा भरलाय," यांपैकी एक काहीतरी म्हणायची. मगच तिच्या घशाखाली चहा उतरायचा.

घरात तिघीच होत्या. आई, दादाची बायको, आणि दादाची बहीण, जिला सगळे धाकटीच म्हणत. धाकटी एका फोटो स्टुडिओत कामाला होती. लोक सहलीहून ढिगाने फोटो घेऊन येत आणि कोणता कुठला ते त्यांनाच आठवत नसे. कॅमेऱ्यात जीपीएस नसला, तर धाकटी त्यांच्या फोनमध्ये नोंदलेला प्रवासाचा माग घ्यायची, कॅमेऱ्याचं घड्याळ त्याच्याशी जुळवायची आणि प्रत्येक फोटोला त्याची जागा चिकटवून द्यायची. फोनवरच्या फोटोंना एवढा खटाटोप लागत नसे. लोकेशन चालू असलं, की फोन आपणहून फोटोत जागा लिहून ठेवतो.

आईची साठी जवळ आली, तेव्हा दादाच्या फोटोंचा मोठा अल्बम करायचं धाकटीने ठरवलं. ग्रुपवरचे फोटो बारीक केलेले असतात, मोठे छापले की फुटतात. म्हणून तिने दादाकडे मूळ फोटो मागितले. आधी तो म्हणाला नेट मंद आहे, मग म्हणाला वेळ नाही, आणि तिने फारच भुणभुण केली तेव्हा त्याने सगळे फोटो एका ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकून लिंक पाठवली.

दुपारी स्टुडिओत गर्दी नव्हती. धाकटीने फोल्डर उघडला. बाजूला नकाशाची खिडकी होती. सुरुवातीचे फोटो समुद्रापलीकडे, बंदराच्या कडेला लाल ठिपके होऊन बसले. मग नकाशाने एकदम उडी मारली आणि पुढचे सगळे ठिपके तिच्याच शहरात येऊन पडले. नदीच्या पलीकडे, बस डेपोच्या मागच्या गल्लीत.

तिला आधी स्वतःचाच संशय आला. सकाळी एका गिऱ्हाइकाचा माग लावला होता, तोच चुकून यालाही लागला असेल. तिने सगळं पुसलं, रिकाम्या फोल्डरमध्ये फोटो पुन्हा उतरवले. ठिपके जागचे हलले नाहीत.

"मालक, जरा बघता का?"

मालक खुर्ची सरकवत आले. "फोन चकतो कधीकधी. तळघरात वगैरे."

"सगळ्या फोटोंत?"

मालकांनी एकेक फोटो पुढे सरकवला. "चूक एकदा होते," ते म्हणाले, "दर रविवारी त्याच गल्लीत जाऊन कुणी चुकत नाही. कोणाचे आहेत?"

"आहेत एकाचे," ती म्हणाली आणि खिडकी बंद केली.

घरी जाताना तिच्या डोक्यात आत्याच्या मुलाची गोष्ट घोळत होती. त्याने बदलीच्या नावाखाली गावातच वेगळं बिऱ्हाड थाटलं होतं आणि आत्याला ते पेपर टाकणाऱ्याकडून कळलं होतं. दादाही तसलाच निघाला? म्हातारी नको झाली? मग वहिनी अजून इथे कशाला राहते? सामान एकेक करून हलवायला?

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. धाकटीला त्या दिवसापासून वहिनीचं सगळंच पिवळं दिसू लागलं. ती फोन पालथा ठेवते. दर शनिवारी ऑफिसात जादा काम निघतं. डबा मात्र दोन माणसांचा नेते. आणि दादाचा विषय निघाला की ओट्याकडे वळते.

एकदा जेवताना धाकटीने मुद्दाम खडा टाकून पाहिला. "वहिनी, दादाचे फोटो उघडले मी. नकाशावर भलतीच जागा दाखवतंय."

वहिनीचा हात ताटातच थांबला. "भलतीच म्हणजे?"

"सॉफ्टवेअरची गडबड असेल."

"असेल," वहिनी म्हणाली. "मशीनचं काय खरं!"

"कसली जागा?" आईने विचारलं.

"काही नाही गं, तू जेव."

पुढच्या रविवारी फोल्डरमध्ये नवा फोटो आला. धाकटीने घाईने तो उघडला. जागेचा रकाना रिकामा होता. इतके महिने चालू असलेलं लोकेशन नेमकं आता बंद झालं होतं. चोराच्या मनात चांदणं! वहिनीने निरोप पोचवला होता, यात आता शंका उरली नाही. धाकटीने तो फोटो मोठा करून नीट पाहिला. मागे कोरी भिंत. या शहरातल्या सगळ्या फोटोंत कोरी भिंतच होती, आणि दादा एका खांद्यापाशी कापलेला.

शनिवारी वहिनी डबा घेऊन बाहेर पडली. पोट दुखतंय म्हणून धाकटीने स्टुडिओतून सुट्टी काढली, फोनवर ते ठिपके लावले आणि नदी ओलांडली. बस डेपोच्या मागे टायरवाल्याचं दुकान, एक लाँड्री, मग एक लांबलचक बैठी इमारत. ठिपके तिच्यावरच होते. तिने वाटेत बोलायचं सगळं पाठ केलं होतं. 'आईला फसवताना लाज नाही वाटली?' हे पहिलं वाक्य.

दारावर पाटी होती, कृत्रिम अवयव व पुनर्वसन केंद्र. ती घुटमळली. फ्लॅट मागे असेल असं वाटून बाजूने गेली, तेव्हा एका मोठ्या खिडकीतून दादा दिसला. तो टेबलाशी बसला होता. उजव्या बाहीतून हाताच्या जागी एक पोलादी आकडा बाहेर आला होता आणि त्या आकड्याने तो लाकडी खुंट्या उचलून भोकांत बसवत होता. एक खुंटी निसटली, गडगडत खाली गेली. शेजारी बसलेली वहिनी वाकली नाही. त्यानेच वाकून ती उचलली.

धाकटीला पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. ती आत गेली तेव्हा वहिनी ताडकन उभी राहिली.

"मला माहीत होतं तू येणार," वहिनी म्हणाली.

दादाने हात टेबलाखाली नेला.

"वर घे," धाकटी म्हणाली. "पाहिलाय मी. कधी झालं?"

"तिकडे. क्रेनच्या तारेच्या दोरात सापडला. तिथल्या इस्पितळात कापला, मग घरी पाठवलं."

"घरी नाही पाठवलं. इथे पाठवलं!"

"हात चालायला लागला की येणार होतो गं. आईने मला असं बघायला नको होतं. निदान स्वतःच्या हाताने जेवताना तरी…"

"आणि मी? मीही म्हातारी आहे?"

धाकटी वहिनीकडे वळली. "आणि तू! रोज समोर बसून जेवत होतीस."

"ह्यांनी शपथ घातली होती. मी आधी नाहीच म्हणाले होते, विचार त्यांना. आणि तू काय केलंस? विचारलं असतंस तर मी सांगून टाकलं असतं, इतकी कंटाळले होते. पण तू विचारलं नाहीस, पाळत ठेवलीस."

"मला वाटलं तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलंत."

वहिनी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "बिऱ्हाड! चार खाटांच्या खोलीत?"

"अजून काही लपवलंय?" धाकटीने विचारलं.

"नाही," दोघं एकदमच म्हणाली. इतक्या एकदम, की धाकटीला ते खरं वाटलं नाही. तिने दादाला उभं राहायला लावलं, त्याचे पाय पाहिले, डावा हात चाचपला. तेव्हा कुठे तिचं थोडं समाधान झालं.

"चल," ती म्हणाली. "आजच. आकड्यासकट."

दार आईनेच उघडलं. तिने आधी दादाचा चेहरा पाहिला, मग त्याची बाही. ती ओरडली नाही, रडलीही नाही. तो आकडा तिने दोन्ही हातांत धरला, लोखंड गार लागलं म्हणून की काय, पदराने पुसला.

"दुखतं?"

"आता नाही, आई."

"दुखत होतं तेव्हा मला रविवारी हसून दाखवत होतास," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागली.

आई दादाशी लवकरच बोलू लागली, पण वहिनीशी तिने बरेच दिवस अबोला धरला. पोटचं ते पोटचं, राग निघाला तो सुनेवर. धाकटीला ते बघवेना. एकदा तिने आईला सुनावलं, "शपथ तुझ्या लेकाने घातली होती. तिला कशाला शिक्षा?" त्या संध्याकाळी आईने वहिनीला स्वतः चहा करून दिला. धाकटीने वहिनीची माफीही मागितली. वहिनी म्हणाली, "ठीक आहे," आणि फोन पालथा ठेवला. पूर्वीसारखं व्हायला वेळ लागणार होता, हे दोघींना कळत होतं.

दादाला बस डेपोत गाड्या सोडण्याच्या वेळा सांभाळायचं काम मिळालं. केंद्रातली तपासणी चालूच होती. एकदा तिथून येऊन तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. आता दोन महिन्यांनी या."

तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"कागद दाखव," आई म्हणाली.

"अगं आई, आता खरंच…"

"दाखव."

दादाने सुस्कारा सोडला आणि आकडा खिशात घातला. कागद दोनदा निसटला. मदतीला कुणीच पुढे झालं नाही. तिसऱ्यांदा तो आकड्यात नीट धरला गेला. दादाने तो आईसमोर धरला, आणि आई चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचू लागली.