प्रेसच्या मागचा माणूस

खंडेरावाचे कान गेले हे प्रेस शॉपमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नाही. येणार कसं? सातपूरच्या त्या कारखान्यात दिवसभर पत्र्यावर धडाधड घाव पडायचे. तिथं कानवाले आणि बिनकानाचे सगळे सारखेच. बोलायचं ते हातानं. दोन बोटं ओठांना लावली की चहा. पोटावरून हात फिरवला की सुपरवायझर येतोय, कारण त्याला पोट होतं. अशा ठिकाणी माणूस ठार बहिरा झाला तरी वर्षानुवर्षं खपून जातो.

घरी मात्र सिंधुबाईनं ओळखलं. कुकर शिट्ट्या मारून मारून दमला तरी हा बाबा शेजारी बसून पेपर वाचत होता. "अहो, कानात बोळे घातलेत का?" म्हणून ती आधी हसली, मग घाबरली, मग डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली. खंडेराव काही जाईना. कान गेल्याचं कंपनीत कळलं तर संपलंच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कायम कामगाराला हलकं काम देतात. त्याच्यासारख्या ठेकेदाराच्या माणसाचा गेटपास काढून घेतात. त्यात शेजारच्या लाइनीवर यंत्राचे हात आले होते आणि तिथली माणसं एकेक करून घरी बसली होती. पन्नाशी उलटलेल्या प्रेसवाल्याला दुसरीकडे कोण उभं करणार? लेकीचं, सृष्टीचं, नर्सिंग अजून अर्धंच झालं होतं. तेवढं पुरं होईपर्यंत कसंही करून टिकायचं, एवढाच त्याचा हट्ट होता.

प्रेसच्या पुढे खंडेराव आणि मागे दिनेश, अशी जोडी. खंडेरावानं पत्रा ठेवून बटणं दाबायची, तयार माल मागे पडायचा, आणि साच्यात काही अडकलं तर ते दिनेशनं काढायचं. दिनेश पेठकडचा, डोंगरातला. त्याच्या गावची माणसं हंगामात द्राक्षबागांवर यायची; हा एकटा प्रेसला चिकटला, तेही खंडेरावानं हाताला धरून शिकवलं म्हणून. डबा दोघांचा एकच. कानांचं गुपित कारखान्यात ठाऊक होतं ते त्याला आणि पलीकडच्या मशीनवरच्या किशोरला.

मग एक दिवस कान तपासायची गाडी गेटात येऊन उभी राहिली. खंडेरावाच्या तोंडचं पाणी पळालं. दिनेशनं त्याच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश सांगितलं, "आप्पा, घाबरता कशाला? मी हाय ना."

आणि पठ्ठ्यानं काय करावं! गाडीत खंडेरावाच्या कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं, आणि तपासणारी मुलगी आपल्या मशीनमध्ये मान घालून बसली. तिच्या मागे दारात पुढचा नंबर दिनेशचा. मशीनवर दिवा लागला की हा नाक खाजवायचा, की खंडेराव बटण दाबायचा. बाई हो, इतकं नाक खाजवणारा माणूस तुम्ही मागे वळून एकदा तरी बघायचा! नाही बघितला. कागदावर शिक्का पडला: फिट. सुटल्यावर दोघांनी मिसळ हाणली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

पुढे कुणीतरी मोठे साहेब पाहणीला आले, आणि तुकडे उडतात म्हणून प्रेसच्या मधे पत्र्याचा आडोसा ठोकून गेले. पुढचा माणूस मागच्याला दिसेना, मागचा पुढच्याला. दिनेशनं त्यावरही तोड काढली. काही अडकलं की एका हातानं ते काढताना तो दुसऱ्या हातातल्या पान्यानं प्रेसच्या अंगावर दोन-दोन ठोके मारत राहायचा. ते खंडेरावाला पायाच्या तळव्याला कळायचे, आणि ठोके थांबेपर्यंत तो बटणं दाबायचा नाही. मागे हात गेला तर प्रेस आपोआप थांबावी म्हणून सेन्सर होता म्हणे. पण तो सारखा प्रेस अडवायचा, माल कमी निघायचा, म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवला होता. कुणी केला ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलणार कोण? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या दिवशी सकाळच्या पाळीत तुकडा तिरका होऊन बसला. एका हाताला निघेना म्हणून दिनेशनं पाना खाली ठेवला आणि दोन्ही हात आत घातले. ठोके मारायला हात उरला नाही. "थांबा, आप्पा!" तो जीव खाऊन ओरडला. सगळ्या लाइनीला ऐकू गेलं. किशोर आपलं मशीन सोडून धावला. खंडेरावानं पत्रा नीट बसवला आणि दोन्ही बटणं दाबली.

दिनेशचा उजवा हात मनगटापासून गेला.

तिसऱ्या दिवशी खंडेराव दवाखान्यात गेला. खरं काय ते सांगून टाकायचं, नोकरी गेली तर गेली, असं ठरवूनच तो निघाला होता. फाटकाशी किशोरनं त्याला गाठलं आणि तोंड समोर धरून सांगितलं, "साहेब वर जबाब घेतोय. आप्पा, कानाचं निघालं तर तुम्ही दोघंही खोटारडे ठराल. तपासणीत फसवलं म्हणून कंपनी हात झटकेल. दिनेशला औषधालासुद्धा विचारणार नाय."

खंडेराव वर गेला. खाटेशी कंपनीचा साहेब कागद घेऊन उभा होता. उशाशी दिनेशची बायको सविता बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. साहेबानं काहीतरी विचारलं. दिनेशनं दारात उभ्या खंडेरावाकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले आणि खंडेरावानं ते वाचले.

"आप्पांना ऐकू येतं. कान चांगले हायेत त्यांचे."

सवितानं झटकन मान वळवली. साहेबानंही वळवली. साहेब ठळक बोलायचा, त्यामुळे त्याचं कळलं. "काय हो, हा ओरडला ते तुम्हाला ऐकू आलं होतं?"

नाही म्हणावं तर या पोराच्या उरलेल्या हातातही काही उरत नव्हतं.

"आलं होतं," खंडेराव म्हणाला. "माझंच चुकलं. हात थांबला नाही."

साहेबानं लिहून घेतलं. सविता उठली आणि खंडेरावाच्या समोर येऊन उभी राहिली. या बाईनं त्याला भाकऱ्या करून घातल्या होत्या, सासऱ्यासारखा मान दिला होता. पदर तोंडावर घट्ट धरून ती काहीतरी बोलली. बराच वेळ बोलली. पदरामागचे ओठ त्याला दिसत नव्हते.

काय म्हणालीस, बाई, असं विचारायचीही आता सोय नव्हती. तिचं बोलून होईपर्यंत तो मान खाली घालून उभा राहिला.