गार्डची फळी

"काका, बसून तर बघा. बसायला काय जातंय?" दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला, आणि इंजिनकाका तिसऱ्यांदा त्याच्याकडे पाठ करून शेजारच्या गाडीचं चाक फिरवू लागले.

दुकानात मालाच्या दोन तीनचाकी सायकली उभ्या होत्या. दोन्हींना मागे पत्र्याची पेटी, दोन्हींचा रंग हिरवा. एक पायडलवाली, दुसरी बॅटरीवाली. बाहेर फुटपाथला टेकून काकांची जुनी गाडी होती. तिचा मागचा दांडा मोडला होता. वेल्डिंगवाल्याने तो दोनदा जोडून दिला होता, तिसऱ्यांदा त्याने काकांपुढे हातच जोडले. उद्या सकाळी लाँड्रीतून इस्पितळाच्या चादरी न्यायच्या होत्या, म्हणून आज काय तो सोक्षमोक्ष लावायलाच हवा होता. पैशाचा प्रश्न लेकीने आणि लाँड्रीच्या मालकिणीने आपसांत सोडवला होता. घोडं अडलं होतं ते काकांपाशी.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले गुडघ्याचं?" लेकीने विचारलं. ती बसमध्ये कंडक्टर होती. अर्धी रजा टाकून आली होती, आणि बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे बघावं तशी बापाकडे बघत होती.

"डॉक्टरांना काय होतंय बोलायला."

"जिना चढताना भिंत धरता तुम्ही. मला दिसत नाही असं वाटतं का?"

"भिंत पडेल म्हणून धरतो."

दुकानदार हसला. लेक हसली नाही. हे असे विनोद घरात दोनच माणसं करायची आणि त्यातलं एक सात महिन्यांपूर्वी गेलं होतं.

काकांना लाँड्रीत सगळे इंजिन म्हणत आणि काकूंना गार्ड. काका पुढे पायडल मारायचे, काकू मागे. इस्पितळ टेकाडावर होतं आणि त्याचा चढ बरोबर या दुकानापासून सुरू व्हायचा. इथे काकू खाली उतरायच्या, पदर खोचायच्या आणि दोन्ही हात पेटीला लावून ढकलायच्या. चढ संपला की पेटीमागच्या पाटावर चढून बसायच्या आणि पेटीवर दोन ठोके द्यायच्या. त्याचा अर्थ, बसले, चला. ठोके आल्याशिवाय इंजिन हलायचं नाही.

हा नियम फुकट झालेला नव्हता. अगदी सुरुवातीला, ती बसली का ते बघायला काकांनी चालत्या गाडीवरच मान वळवली, त्याबरोबर हँडलही वळलं आणि अख्खा भार गटारात गेला. साठ चादरी दोघांनी रात्रभर पुन्हा धुतल्या. पहाटे काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही पुढे बघायचं. मागचं मी बघते. एवढा भरवसा ठेवा माझ्यावर." काकांनी कानाला खडा लावला. त्यानंतर सव्वीस वर्षं त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पत्रा उन्हात तापतो, हात भाजतात, म्हणून काकांनी पेटीच्या मागे एक लाकडी फळी ठोकून दिली होती. तिच्यावर दोन ठिकाणचा रंग कधीच गेला होता आणि तिथलं लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं. गेले सात महिने काका रोज रात्री गाडी पुसत. ती फळी मात्र पुसत नसत.

"मला पायडलवालीच द्या," ते आता दुकानदाराला म्हणाले. "आमची ती फळी आणि पाट हिला बसेल ना?"

"पाट कशाला? आता ढकलायला कोण येणार आहे?" दुकानदार सहज बोलून गेला आणि मग ओशाळला. तो काकूंना ओळखत होता. चढाआधी दम खायला दोघं याच्याच दारात थांबायचे. गेल्या वर्षी पहिली बॅटरीवाली दुकानात आली, तेव्हापासून काकू रोज आत येऊन तिच्या पेटीवरून हात फिरवून जायच्या. "भाऊ, विकू नका हं कोणाला, आमच्या इंजिनाचं मन वळवतेय," असं बजावूनही जायच्या.

इंजिनाचं मन वळलं नव्हतं. "अहो, घ्या ना. माझ्या हातांना जरा आराम पडेल," काकू म्हणायच्या, आणि काका म्हणायचे, "मोटार आली की तुझी नोकरी गेली. मग काय घरी बसून माशा मारणार?" काकू हसायच्या आणि विषय तिथेच राहायचा. खरं कारण काकांनी कधीच सांगितलं नाही. मोटार आली असती तर काकूंना रोज येण्याची गरज उरली नसती. अख्खा दिवस पाठीमागे तिची बडबड नाही, ठोके नाहीत, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. बायको जवळ हवी म्हणून त्यांनी तिला चढावर ढकलायला लावलं. त्यांच्या प्रेमाची ही अशी गत होती.

"एकदा चढावर नेऊन आणा," लेक म्हणाली. "नाही आवडली तर मी एक अक्षर बोलणार नाही. पायडलवाली घ्या, गुडघे फोडून घ्या."

दुकानदाराने बॅटरीवालीच्या पेटीत वजनाला टायरचे दोन गठ्ठे टाकले. लेक त्यांच्याशेजारी उकिडवी बसली. काका सीटवर बसले, मूठ पिळली आणि गाडी चालू लागली.

चढ लागला. काकांनी सवयीने दात आवळले, मांड्या ताठ केल्या. पण करायला काहीच नव्हतं. गाडी आपली आपण वर निघाली होती. पाठीमागून कोणीतरी दोन्ही हात लावून सारखं रेटत असावं, तशी. न दमता, न कुरकुरता. निम्म्या चढावर काकू नेहमी म्हणायच्या, "आज दगड भरलेत का हो?" ती जागा आली आणि गेली. काकांची मान वळायला बघत होती, ती त्यांनी पुढे धरून ठेवली.

माथ्यावर पोचताच गाडी थांबली. म्हणजे काकांनीच ती थांबवली. एक पाय जमिनीवर टेकून, नजर समोर ठेवून ते उभे राहिले.

मागून एक रिक्षा हॉर्न देऊन गेली. मग एक स्कूटर गेली. काका हलेनात.

"बाबा? काय झालं? बंद पडली का?"

काकांनी ब्रेक धरून ठेवला.

"अहो बाबा, कशासाठी थांबलाय?"

"ठोके..." काका म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते.

लेक पेटीतून खाली उतरली. पुढे येऊन तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि हँडलवरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. तिचा हात हाताला लागला मात्र, सात महिने दाबून ठेवलेलं काकांच्या तोंडून बाहेर पडलं.

"मी तुला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "त्या दिवशी तुझी आई 'तुम्ही व्हा पुढे, मी चालत येते' असं काही म्हणाली नव्हती. काहीच म्हणाली नव्हती ती."

"मग?"

"इथेच. या खांबापाशी. चढ संपला, मी थांबलो. दोन ठोके आले. आले गं, मी ऐकले. मी निघालो. गाडी हलकी लागली. एवढी हलकी, की मला वाटलं, आज गुडघा बरा दिसतोय. मला... मला बरं वाटलं. शीळ घालत गेलो मी." त्यांनी समोरच्या सपाट रस्त्याकडे हात केला. रस्त्याच्या टोकाला इस्पितळाचं फाटक दिसत होतं. "तिथे जाऊन म्हटलं, गार्ड, उतरा. मागे कोणीच नव्हतं. मला वाटलं, कोणीतरी ओळखीचं भेटलं असेल, बोलत बसली असेल. मी गठ्ठे उतरवले. मोजून दिले. सही घेतली. तोवर तिला कोणाच्या तरी हातगाडीवरून आणलीच."

लेकीने आपला हात काढून घेतला.

"डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तरी काही करता आलं नसतं. पण ते सगळ्यांनाच तसं सांगतात. मी तिथे रोज जातो, मला माहीत आहे. मी उतरवलेल्या गठ्ठ्यातलीच चादर घातली तिच्यावर." काकांचा आवाज फुटला. "ते ठोके तिने दिले, की पडता पडता तिचे हात आपटले? सांग ना. चादरींना उशीर नको म्हणून मला पुढे घालवलं का तिने? की मला हाक मारत होती, आणि मी निघून गेलो?"

लेक खांबाकडे बघत राहिली. साधा दिव्याचा खांब. बुंध्याशी कोणीतरी प्लॅस्टिकची पिशवी टाकली होती. तिने ती उचलली, घडी केली आणि हातातच धरून ठेवली.

"म्हणून मला हलकी गाडी नको," काका म्हणाले. "हलकी लागली की मला तो दिवस आठवतो. जडच बरी मला."

"जड गाडी ओढून कोणाची शिक्षा भोगताय?" लेकीचा आवाज चढला. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "आईने आयुष्यात एक वस्तू मागितली. एक! साडी नाही, दागिना नाही. ही गाडी मागितली. ती होती तेव्हा तुम्ही दिली नाहीत आणि आता ती नाही तर दुःखाचं नाव सांगून पुन्हा देत नाही आहात. आणि मला सात महिने..." तिने ती पिशवी मुठीत चुरगळली. "मी चालत येते," ती म्हणाली आणि चढ उतरू लागली.

काका बघत राहिले. उतरताना ती डोळे पुसत होती की केस मागे सारत होती, ते पाठमोरं कळत नव्हतं. वळणावर ती दिसेनाशी झाली. मग त्यांनी गाडी वळवली. उतारावर ब्रेक धरून, तिला गाठायचं नाही म्हणून अगदी हळू ते खाली आले. पण वाटेत ती कुठे दिसली नाही.

दुकानदार दारातच होता. "काय काका, काय ठरलं?"

काका उतरले. जुन्या गाडीपाशी जाऊन फळीपुढे थोडा वेळ उभे राहिले. "ही बॅटरीवालीच घेतो," ते म्हणाले. "पण ही फळी तेवढी हिला मागून बसवून द्या."

"काका, पेटीचं माप वेगळं आहे. भोकं पाडावी लागतील. नव्या गाडीला कशाला उगाच..."

"पाडा. पाट नको. फळी पाहिजे."

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीने गंजलेले बोल्ट तेल सोडून सोडून काढले, फळी सोडवली आणि नव्या पेटीला मागून लावून धरली. "एवढी उंच ठीक आहे?"

"वर घ्या थोडी."

मिस्त्रीने वर घेतली. "आता?"

काका दोन पावलं मागे सरले, डोळे बारीक केले, हवेत हात धरून अंदाज घेतला. त्यांना ठरवता येईना. सव्वीस वर्षांत त्यांनी त्या फळीवरचे हात मागून कधी पाहिलेच नव्हते. "अजून... नाही, थांबा. खाली घ्या."

"काका, कुठेही लागली तरी काय फरक पडतो? हिला कोणी ढकलणार नाही."

"असू दे. वरखाली झाली तर तिचे हात अवघडतील."

मिस्त्रीने दुकानदाराकडे बघितलं. दुकानदाराने मानेनेच त्याला सांगितलं, ते म्हणतील तसं कर. मिस्त्रीने ड्रिल उचललं. पण एका हाताने फळी सावरेना. "जरा कोणीतरी मागून धरा हो."

लेक दारात उभी होती. ती कधी आली ते कोणाला कळलं नव्हतं. चेहरा तिने वाटेतल्या नळावर धुतला असावा, कपाळावरचे केस ओले होते. ती आत आली, गाडीच्या मागे गेली आणि दोन्ही हात फळीवर टेकून तिने ती पेटीला दाबून धरली. हात आपोआप त्या गुळगुळीत जागांवर पडले.

काका तिच्या हातांकडे बघत होते.

"बाबा," ती वर न बघता म्हणाली, "दोन बोटं खाली घ्या. आई माझ्याएवढीच होती."

काका पुढे झाले आणि त्यांनी फळी दोन बोटं खाली घेतली.