पूजेतला पाना

शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातली पूजा आटोपून ज्ञानोबा परत आला, तर शेडमध्ये गाडी नव्हती. लाल, दोन दरवाजांची, बसायचं म्हणजे अंथरुणावर पडल्यागत आडवं व्हावं लागणारी ती गाडी. प्रीतम घेऊन गेला नांदेडला, त्याची म्हातारी आई धुरपताबाई म्हणाली. आत्याकडं दसरा करायला म्हणून ज्ञानोबाच्या लेकीला, रूपालीलाही संगं नेलं. ज्ञानोबाला दरदरून घाम फुटला.

प्रीतम म्हणजे त्याचा भाचा. हैदराबादहून जुनी स्पोर्ट्स कार आणली, आणि आता तिची चाकं आत दबल्यासारखी दिसतात हे त्याचं दुखणं. चाकं आत असली काय नि बाहेर असली काय, आपट्याचं सोनं त्याला मिळायचं तेवढंच मिळणार होतं! पण हौसेला मोल नसतं. चाकामागं बसवायच्या जाड चकत्या, स्पेसर, तो सोबतच घेऊन आला. लातुरात मामाचं टायरचं दुकान असताना दुसरीकडं कशाला जाईल? आणि बहिणीच्या लेकराला नाही तरी कसं म्हणायचं?

पण दिवस खंडेनवमीचा. सगळी हत्यारं सकाळीच धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेली. दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे धुरपताबाईचं शास्त्र, आणि तिच्यापुढं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. नट पुरता आवळला की कट् वाजणारा टॉर्कचा पानाही त्याच पाटावर. मग ज्ञानोबानं गाडीतल्याच आखूड पान्यानं चकत्यांचे नट धरतील इतके आवळले आणि वरून चाकं चढवली. पोरगा मुक्कामाला आहे, उद्या पूजा उचलली की चाकं काढून पक्कं करू, असं तो मनाशी म्हणाला. मनाशीच म्हणाला, हाच घोळ.

प्रीतमचा फोन लागेना. रूपालीचा लावला, तर तो घरातच चार्जिंगला वाजायला लागला. ज्ञानोबा पाटासमोर येऊन उभा राहिला, पण हात पुढं होईना. काय झालं ते त्यानं आईला कसंबसं सांगितलं. धुरपताबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, वाकून तो पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"धर. देवाचं मी बघते. तू पोरीला गाठ."

त्यानं मोटारसायकल नांदेड रोडला काढली. चाक कसं जातं हे त्याला पाठ होतं. आधी थरथरतं, मग डगमगतं, मग एखाद्या वळणावर गाडीला सोडून एकटंच पुढं पळतं. असली एक जीप त्यानं ओढ्यातून वर काढताना पाहिली होती, आणि आज त्या जीपमध्ये त्याला सारखी रूपालीच दिसत होती. पुढं रस्त्याच्या कडेला माणसं गोळा झालेली दिसली नि त्यानं करकचून ब्रेक दाबला. लोक झेंडूची फुलं घेत होते. देवा, माझे हात मोड, पण पोरीला राख, असं तो मोठ्यानं बोलत चालला होता.

चाकूरच्या पुढं एका हॉटेलासमोर लाल गाडी उभी होती. बाकड्यावर दोघं भजी खात होते. रूपालीनं हात केला.  ज्ञानोबानं सरळ जॅक लावला, पुढचं चाक उतरवलं आणि चकतीच्या नटाला हात लावला. नट बोटानं फिरला.

प्रीतमचं तोंड पांढरं पडलं. "मामा, स्टेअरिंग लई थरथरत होतं. मला वाटलं, रस्ताच खराब हाय."

"आन् मला वाटलं, तू मुक्कामाला हाइस."

ज्ञानोबानं चारी चकत्या काढून टाकल्या आणि चाकं होती तशी बसवली. प्रत्येक नटाला पाना कट् वाजेपर्यंत लावला, पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिला. प्रीतमनं काढलेल्या चकत्या उचलून गाडीत मागं टाकल्या. मग ज्ञानोबा रूपालीला म्हणाला, चल, माझ्यामागं गाडीवर बस, घरी जाऊ.

"कामून?" ती म्हणाली. "आता तुम्ही आवळलंय न्हवं बाबा? मग कशाला भ्यायचं?"

आणि ती आत बसून पट्टा लावू लागली. मघाही मीच आवळलं होतं, हे त्याच्या अगदी ओठावर आलं. तिच्या तोंडाकडं बघून त्याला ते बोलवेना. सावकाश जा, एवढंच तो प्रीतमला म्हणाला आणि दार त्यानं स्वतः लावलं.

गाडी वळणाआड होईपर्यंत तो ताठ उभा होता. मग तो तिथंच मुरमात मटकन खाली बसला.