कठड्याला बांधलेला मफलर

मित्रांनो, ऑपेरागृहातील प्रेक्षकांच्या सर्व खुर्च्या जेथे संपतात, तेथे उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी एक कठडा आहे. त्या कठड्याला एकच गाठ मारून बांधलेला, मधोमध लाल पट्टी असलेला जो करडा, जुना मफलर दिसतो, तो मी होय. माझ्या एका टोकाची झालर गळून गेली आहे व दुसऱ्या टोकाला रफू केलेले आहे. तरीही जे भाग्य मला लाभले, ते पुष्कळ रेशमी वस्त्रांनाही लाभले नसेल, असे मी नम्रपणे सांगू इच्छितो.

माझा जन्म व्हिएन्ना शहरात, जिन्यावरच्या सामाईक नळाला लागून असलेल्या एका खोलीत झाला. एका माउलीने नवऱ्याचा विरलेला स्वेटर उसवून मला विणण्यास प्रारंभ केला. अर्ध्यावर लोकर संपली. तेव्हा तिने एक लाल टोपी उसवून पट्टी घातली व उरलेला भाग दुसऱ्या स्वेटरच्या लोकरीने पुरा केला. त्यामुळे माझ्या दोन बाजूंचा करडा रंग तंतोतंत जुळत नाही. तिने मला आपल्या मुलीच्या, लिओपोल्डिन नावरातिलच्या गळ्यात घातले. सर्वजण तिला पोल्डी म्हणत. ती एका धोबीखान्यात इस्त्री करीत असे.

एके दिवशी शेजारच्या टेबलावर इस्त्री करणारी मैत्रीण तिला म्हणाली, "पोल्डे, आज ऑपेराला येतेस का?"

"मी? तिथे बसायला पैसे कोण देणार?"

"बसायला पैसे लागतात गं. उभं राहायला पायच लागतात. आणि ते तर आपण इथे रोज फुकटच वापरतो!"

त्या संध्याकाळी मी प्रथमच त्या वास्तूत प्रवेश केला. उभ्याच्या जागेचे तिकीट चिल्लरीत मिळत असे. आत गेल्यावर मैत्रिणीने माझी एक गाठ कठड्याला मारली व पोल्डीला बाहेर ओढत नेले, कारण दोघींना सॉसेज खावयाचे होते. पोल्डी घाबरली. "अगं, माझा मफलर! कोणी नेला म्हणजे?"

"इथे? मफलर बांधला की जागा आपली. राजा जरी आला तरी तो सोडणार नाही."

मित्रांनो, खरोखरच मला कोणी स्पर्श केला नाही. माझ्या दोन्ही बाजूंना माणसे येत होती, आपापले मफलर बांधीत होती आणि निश्चिंतपणे निघून जात होती. अशा प्रकारे कठड्यावर आम्हा लोकरीच्या वस्त्रांची एक सभाच भरली. त्यानंतर माणसे परतली, दिवे मंदावले आणि वाद्यवृंदाचा पहिला स्वर उमटला.

तो स्वर मी कानांनी ऐकला नाही, कारण मला कान नाहीत. तो कठड्याच्या लाकडातून आला. प्रथम गाठीत शिरला, गाठीतून धाग्याधाग्यांत पसरला, आणि जुळत नसलेले माझे दोन्ही करडे भाग एकाच वेळी थरथरले. पोल्डीने कठडा घट्ट धरला होता. तिच्या तळव्यांतही तोच स्वर शिरला. समोर लाल मखमल, सोनेरी सज्जे, छतावरून झरणारा प्रकाश, आणि त्या सर्वांना व्यापून उरणारा एका स्त्रीचा कंठ! एवढे वैभव जगात असते आणि ते इस्त्री करणाऱ्या मुलीलाही मिळू शकते, या जाणिवेने आम्ही दोघेही स्तब्ध झालो. पडदा पडल्यावर ती टाळी वाजवण्यासही विसरली.

त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही या शहराचे सुख असेच उभे राहून, चालत आणि थांबून घेतले. रविवारी आम्ही द्राक्षमळ्यांच्या टेकडीवर पायी जात असू. कागदात बांधलेली भाकर तिथे खाल्ली की ती मेजवानी वाटे. हिवाळ्यात ती कॉफीगृहात एका कॉफीवर सारी दुपार काढी. वाढपी कुरकुर करी, परंतु न मागता पाण्याचा नवा पेला आणून ठेवी, कारण आमच्या शहरात कुरकुर आणि आदरातिथ्य ही सख्खी भावंडे आहेत. मात्र कठडा तो कठडा.

कठड्यावर आमच्या डावीकडे ऑटोकार पोस्पिशिल नावाचे ट्रामचालक उभे राहत. त्यांचा मफलर तपकिरी होता. कठड्याच्या नियमांचे ते स्वयंघोषित रक्षक होते. 'एक माणूस, एक मफलर' हा त्यांचा मंत्र. एकदा एका प्राध्यापकांनी दोन मफलर बांधून "दुसरा पत्नीचा, ती घरून निघते आहे," असे सांगितले. पोस्पिशिल म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, मफलर इथे आणि बायको घरी? मग तिच्या गळ्यात काय आहे, तुम्ही?" कठड्यावर हशा पिकला व दुसरा मफलर मुकाट्याने सुटला.

मित्रांनो, काळ कोणासाठीही थांबत नाही. इस्त्रीच्या टेबलापाशी उभे राहून झिजलेले पोल्डीबाईंचे गुडघे अखेर दगा देऊ लागले. डॉक्टरांनी उभे राहण्यास मनाई केली. मी खणात गेलो. तेथे अंधार होता, डांबरगोळ्यांचा वास होता, आणि तरीही मला कसर लागली. लोकरीला पडलेल्या भोकापेक्षाही कठड्याचा तो थरथराट हरवल्याचे दुःख मला अधिक झाले.

पुढे पोल्डीबाईंच्या वाढदिवसानिमित्त त्यांचा सुखवस्तू भाचा एंगेलबर्ट याने सज्ज्यातील मखमली खुर्चीचे तिकीट आणले. त्यांनी मला खणातून काढले, भोक रफू केले आणि गळ्यात घातले. परंतु ऑपेरागृहाच्या दाराशी भाच्याच्या पत्नीने त्यांच्या खांद्यांवर रेशमी शाल टाकली. जवळच उभ्याच्या जागेच्या रांगेत पोस्पिशिल होते. बाईंनी मला त्यांच्या हाती दिले.

"हा तेवढा सांभाळा. वर सज्ज्यात शोभायचा नाही म्हणे."

"म्हणे? कोण म्हणे?"

"एंगेलबर्टची बायको."

"मग तिला शोभणार नाही, असं म्हणा!" पोस्पिशिल गुरगुरले.

आत येऊन त्यांनी स्वतःचा तपकिरी मफलर बांधला. नंतर इकडेतिकडे पाहिले आणि पोल्डीबाईंच्या नेहमीच्या जागी मला बांधले. आयुष्यभर ज्यांनी नियम राखला, त्यांनीच तो मोडला होता! आणि त्या दिवशी गर्दी अशी होती की तीळ ठेवायलाही जागा नव्हती.

त्या गर्दीत शेजारच्या देशातील कोशित्से शहराहून बसने आलेली मिलेना नावाची एक शिक्षिका होती. दिवसभर रस्त्यावरच्या नळांचे पाणी पिऊन व पिशवीतले पाव-चीज खाऊन तिने आमचे शहर पाहिले होते. लहानपणापासून रेडिओवर ऐकलेला हा ऑपेरा एकदाच डोळ्यांनी पाहावा, एवढीच तिची इच्छा होती. उंच माणसांच्या पाठींमागे तिला काहीही दिसेना.

"अहो, ही जागा कुणाची?" तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"येणाऱ्याची."

"येणार कधी? खेळ तर सुरू होतोय."

"वाटेत आहेत," पोस्पिशिल म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

तेवढ्यात द्वारपाल वेसेली आले. "पोस्पिशिलसाहेब, हा नावरातिलबाईंचा मफलर. बाई तर वर सज्ज्यात बसल्यात, मीच दार उघडून दिलं. एक माणूस, एक मफलर. मला शिकवलंत कुणी?"

"मीच."

"मग?"

"मध्यंतरापर्यंत थांब ना रे. चाळीस वर्षांची जागा आहे त्यांची."

"मध्यंतर संपल्याची घंटा होईपर्यंत. मग मी स्वतः गाठ सोडणार आणि या बाईंना उभं करणार."

पहिला अंक सुरू झाला. लाकूड थरथरले, मीही थरथरलो, परंतु माझ्यावर कोणाचाही हात नव्हता. एकीकडे मिलेना टाचा उंचावून थकत होती. दुसरीकडे दूर वरच्या सज्ज्यात रेशमी शालीतील एक चेहरा रंगमंचाकडे न पाहता खाली पाहत होता. माझी लाल पट्टी तेथून दिसत असावी.

मध्यंतर झाले. माणसे बाहेर गेली, परतली. वेसेली येऊन उभे राहिले. घंटा वाजली. त्यांची बोटे माझ्या गाठीवर आली.

"हात काढ, वेसेली!"

पोल्डीबाई होत्या. एका हाताने भिंत, दुसऱ्याने काठी धरून, धापा टाकीत त्या जिने उतरून आल्या होत्या.

"अहो, गुडघे!" पोस्पिशिल ओरडले.

"गुडघे गेले खड्ड्यात. वरून सगळं दिसतं हो, पण अंगात काही शिरत नाही." मग त्यांचे लक्ष मिलेनाकडे गेले. "आणि ही कोण?"

"घंटा होताच तुमच्या जागेची वारस होणार होती," वेसेली म्हणाले.

पोल्डीबाईंनी रेशमी शाल काढून मिलेनाच्या खांद्यांवर टाकली आणि तिकीट तिच्या हाती दिले. "जा वर. मखमली खुर्ची आहे. शेजारी माझा भाचा आहे, तो घोरतो. कोपर मारायचं, लाजायचं नाही."

मिलेना जिन्याकडे धावली. थोड्याच वेळात सोनेरी सज्ज्यात तिचे पाणावलेले डोळे झुंबराच्या प्रकाशात चमकले, आणि लगेच दिवे मंदावले.

शेवटचा अंक पोल्डीबाईंनी उभ्यानेच ऐकला. त्यांचा अर्धा भार पोस्पिशिल यांच्या खांद्यावर होता आणि दोन्ही हात माझ्यावर. स्वर लाकडातून माझ्यात आला, माझ्यातून त्यांच्या तळव्यांत गेला. पहिल्या संध्याकाळच्या त्याच मुलीचे हात मी पुन्हा ओळखले.

खेळ संपल्यावर मिलेना शाल परत करण्यास खाली आली. बाईंनी तिचा तळहात कठड्यावर ठेवला. "गाणं थांबलं, आता हे लाकूड गार आहे. पुढच्या वेळी इथून ऐक." आणि त्यांनी मला तिच्या गळ्यात गुंडाळले.

पोल्डीबाई आज या जगात नाहीत. परंतु मिलेना दरवर्षी बसने येते आणि मला त्याच जागी बांधते. शेजारी तपकिरी मफलर असतो. तीही सॉसेज खावयास बाहेर जाते. मीही निश्चिंत असतो.

मित्रांनो, जुनी लोकर टाकून देऊ नका. ती उसवा, विणा, रफू करा. तिच्यात ऊब असते, तसा अनेकांच्या हातांचा स्पर्शही असतो. आणि कधी एखाद्या रिकाम्या जागेवर बांधलेले साधे फडके दिसले, तर ते सोडण्याची घाई करू नका. कदाचित त्याच क्षणी कोणीतरी दुखऱ्या गुडघ्यांनी जिने उतरत असेल.