गोड बोलणारा हवालदार

दौलतराव हवालदार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी चाकणजवळच्या त्यांच्या गावात त्यांना 'हवालदार' अशीच हाक होती. त्यांची सून हर्षाली मात्र वकील. दर रविवारी ती चाकणच्या समाजमंदिरात कंपन्यांतल्या ट्रेनी पोरापोरींना शिकवायची, की पोलिसांनी धरलं तर घटनेनं तुम्हाला कोणते हक्क दिलेत. हवालदाराच्या घरात हा उद्योग! सोयरेधायरे गालात हसायचे. दौलतरावांना त्याचं काही नव्हतं. या पोरीनं एकदा तरी म्हणावं, बाबा, तुम्ही चांगले पोलीस होता, एवढीच त्यांची भूक होती.

म्हणून तिनं "सरावासाठी पोलीस हवाय, याल का?" असं विचारल्यावर म्हातारा हरखला. इस्त्रीचा शर्ट काय, मिशीला तेल काय!

पोरं तयारीची होती. अटकेचं कारण विचारायचं, घरी कळवायला सांगायचं, वकील मागायचा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलंच पाहिजे, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, सगळं घडाघडा पाठ. हर्षालीनं प्रसंग सांगितला. कंपनीतून तांब्याची तार चोरीला गेलीय, संशय तुमच्यावर आहे आणि हे हवालदार चौकशीला आलेत. आता हे ओरडणार, म्हणून पोरं छाती काढून बसली.

दौलतराव ओरडले नाहीत. नोकरीतही कधी ओरडले नव्हते. गुळानं मरतो त्याला विष कशाला, असं ते चौकीत ऐटीत सांगायचे. ते पहिल्या पोराशेजारी, गणराजशेजारी जाऊन बसले.

"जेवलास का रे बाळा? गाव कुठलं तुझं? आई काय करती?" त्यांनी पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नगंस, मी हाय ना. हितं एक सही कर, बाकीचं मी लिवतो. तू जा घरी."

गणराजनं सही केली. मग पुढच्यानं. वडीलधारं माणूस मायेनं सांगतंय, त्याला नाही कसं म्हणायचं? वीस मिनिटांत बारा कोऱ्या कागदांवर बारा सह्या झाल्या. लातूरकडची पिंकी तर सही करून वर पायाही पडली.

दौलतराव कागद घेऊन शाबासकीच्या आशेनं सुनेकडे वळले. तिचा चेहरा पाहिला आणि आपण काय दाखवून बसलो ते त्यांना उमगलं.

घरी पोचल्यावर स्कूटर लावता लावता तिनं विचारलं, "बाबा, नोकरीतही असंच करायचात?"

"चौतीस वर्षांत कुणाला एक चापट मारली न्हाई मी."

"ते नाही विचारलं."

खोटं बोलता आलं असतं, पण या पोरीशी त्यांना ते बोलवेना. "व्हय. असंच करायचो. वरनं घाई असायची. मला वाटायचं, पोरांचा मार वाचवतोय."

हर्षाली आत गेली. आठवडाभर दौलतरावांना घास गोड लागला नाही. ही आता आपल्याला कधी बोलावणार नाही, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. शनिवारी संध्याकाळी तिनं चहाचा कप पुढे ठेवला.

"उद्या यायचंय. ओरडणारा पोलीस मला कुठंही मिळेल बाबा. तुमच्यासारखा नाही मिळायचा."

रविवारी ते पोरांपुढे उभे राहिले. "मागल्या खेपेला तुमी सह्या केल्या, त्यावर मला काय बी लिवता आलं असतं," ते म्हणाले. "नोकरीत खऱ्या पोरांच्या कागदांवर मी लिवलंय." मग ते आधी पिंकीशेजारी जाऊन बसले. माया पातळ केली नाही, होती नव्हती तेवढी ओतली.

पिंकीनं कागद मागे सरकवला. "आजोबा, तुमी लई चांगले हैत. पण वकील आल्याबिगर मी सही करणार न्हाई."

"अगं, तुझ्या आज्यासारखा हाय मी."

"हैत ना. तरी बी न्हाई."

तीनदा विनवलं, तीनदा तेच उत्तर. चौतीस वर्षांत कधी हात हलवत न परतलेला हवालदार उठून सुनेजवळ आला. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"न्हाई म्हणाली गं पोर," ते म्हणाले. "तवा बी कुणी असं शिकवाय पायजे हुतं."

हर्षालीनं त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "अजून अकरा जण राहिलेत."