वरचे कुरळे, खालचे सरळ

उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुरुमच्या चन्नबसप्पा किराणेवाल्यांच्या शांतम्माला पाहायला उमरग्याचे गुरुलिंग मास्तर येणार होते. त्याआधी दोन स्थळं फोडणीच्या चुरमुऱ्यांची सुशीला खाऊन गेली होती आणि दोघांनीही निरोप एकच पाठवला होता : कुरळ्या केसांची पोर हट्टी निघते. शांतम्मा हट्टी होती, यात वाद नव्हता. पण ते केसांमुळे नव्हे, असं तिचं प्रामाणिक मत होतं. मास्तरांनी मात्र मध्यस्थाकरवी कळवलं होतं की, मुलगी सातवी पास असेल तर लग्नानंतर तिला ट्रेनिंग कॉलेजात घालू. त्या एका वाक्यासाठी शांतम्मा डोक्यावर निखारे ठेवून घ्यायलाही तयार होती. निखाऱ्यांची सोय तिच्या आईनं, इरम्मानं, केली.

अडचण होती इस्त्रीची. परटाकडची कोळशाची इस्त्री उचलायलाच दोन्ही हात लागत. मग केस धरायचे कुणी? शिंप्याची इस्त्री हलकी होती, पण तिची परीक्षा इरम्मानं आधी गुंतवळावर घेतली. विंचरताना निघालेले ते केस ती सुया-मणी विकणारीला देण्यासाठी कोनाड्यात साठवत असे. गुंतवळ चर्रकन आक्रसलं आणि असा वास सुटला की दुकानातले चन्नबसप्पा गिऱ्हाईक तसंच सोडून आत आले.

"काय जाळलं?"

"पोरीचे केस सरळ करायलेय."

"डोस्क्यावर इस्त्री? धोतर हाय का ते?"

"तुमी दुकान बघा."

शेवटी इरम्मानं लग्नातला पितळी तांब्या काढला. त्यात निखारे घालून घरातली पोलकी नेहमीच कडक होत असत. मग केसांनी काय घोडं मारलं होतं? शांतम्मा चटईवर उताणी झाली. केस पाटावर पसरले, त्यावर ओला पंचा आला आणि पंच्यावरून तांब्या फिरू लागला.

"मान हालवलीस तर कान गेला म्हण," इरम्मा म्हणाली.

कान शाबूत राहिले. केस उतरले ते थेट कमरेखाली. आपल्या डोक्यात एवढा ऐवज दडला होता, हे शांतम्माला त्या दिवशी प्रथमच कळलं. फक्त मुळालगतच्या चार बोटांवर तांब्या नेण्याची इरम्माची छाती झाली नाही. तेवढा भाग तिनं तेलानं चोपून दाबला आणि वेणी करकचून घातली.

मास्तर आले ते आत्याला घेऊन. रुद्रम्मा आत्यांनी आईविना भाचे वाढवले होते, आणि थोरल्याच्या लग्नात हळदीच्या वेळी नवरीची अर्धी वेणी त्यांच्या हातात आली होती. गंगावन! उसने केस गुंफून वाढवलेल्या त्या वेणीचा धक्का त्यांनी मनातून काढला नव्हता. मास्तर बाहेर चन्नबसप्पांशी तुरीच्या भावावर बोलत बसले आणि आत्या माजघरात शिरल्या.

"केस सोड गं. बघू दे."

वेणी सुटली. खालचा भाग रेशमासारखा ओघळला. वरची चार बोटं मात्र मोकळी होताच फुलारून उभी राहिली. आत्यांनी दोन्हीवरून बोट फिरवलं.

"वरचे येगळे, खालचे येगळे. जोड कुठं हाय?"

"देवाशपथ, जोड न्हाय," इरम्मा म्हणाली.

आत्यांनी शपथेवर न विसंबता केसांना हिसका दिला. शांतम्माची मान मागं गेली, डोळ्यांत पाणी आलं.

"आणिक ओढा, आत्याबाई. निघाले तर तुमचे."

"शांते!" इरम्मा ओरडली.

शांतम्मानं त्या क्षणी विचार केला. गप्प बसलं तर खोट्या केसांची पोर म्हणून तालुकाभर नाव होणार. पाणी लागलं तर कुरळे केस उघडे पडणार, पण ते निदान आपले तरी होते.

"धुऊन बघा," ती म्हणाली. "चुलीवर पाणी तापलेलंच हाय."

आत्यांनी पदर खोचला. न्हाणीत स्वतःच्या हातानं शिकेकाई चोळली, तांब्यामागून तांब्या ओतला. एकही केस सुटून आला नाही. त्यांचा चेहरा निवळत होता. पण पंच्यानं डोकं पुसून त्यांनी पाहिलं, तर कमरेखाली गेलेले केस पाठीच्या मध्यावर येऊन गोळा झाले होते. आत्या वाकून मोरीच्या तोंडाशी बघू लागल्या.

"बाई गं! बाकीचे कुठं गेले?"

"कुठं जातेत?" इरम्मा रडकुंडीला येऊन म्हणाली. "हितंच हायेत. इस्त्री केली होती."

"केसाला?"

"तांब्यानं."

आत्यांनी एक ओली बट ताणून सोडून दिली. शांतम्मा ओल्या पाठीनं उभी राहिली. ट्रेनिंग कॉलेज आता उमरग्यापेक्षाही लांब गेलं, अशी तिची खात्री झाली.

"भाजलं न्हाय?" आत्यांनी हळूच विचारलं.

"मधी ओला पंचा होता."

"हं." आत्यांनी पाट ओढला. "बस म्होरं. फणी दे."

फणी घातली आणि ती अडकली. सोडवताना तिचे दोन दात तुटले. बाहेर तुरीचे भाव केव्हाच संपले होते. मास्तर दाराआडून खाकरले.

"आत्या, काय अडलंय का?"

"तू बस गप. फणी अडलीय." आत्यांनी गुडघ्यानं शांतम्माची पाठ नीट बसवली आणि एक एक बट सोडवत त्या पुटपुटू लागल्या, "रोज घटकाभर जाणार ह्या डोस्क्यापायी. अन् कॉलेज सकाळी लौकर भरतंय. म्या न्हाय उठायची पहाटंला विंचरायला, आधीच सांगते. तुझं तू बघायचं."

शांतम्मानं आईकडे बघायला मान वळवली.

"हालू नको," आत्या म्हणाल्या आणि फणीनं तिच्या डोक्यावर टपली मारली.