कळव्याची यामाहा

डोंबिवलीहून ठाण्याच्या कारखान्यात शिफ्टला जायला मधुला मोटरसायकल हवी होती. एकोणनव्वद साल होतं. नव्या गाडीसाठी थांबायची त्याची तयारी नव्हती, म्हणून त्याने जुन्यातल्या दोन गाड्या हेरून ठेवल्या. एक शहाडच्या निवृत्त मास्तरांची हिरो होंडा, दुसरी कळव्याच्या खाडीकाठी राहणाऱ्या दामाजी कोळ्याची यामाहा.

शहाडची गाडी त्याने बायकोला, नीलाला, मागे बसवून चालवून पाहिली. पेट्रोल कमी पिणारी, आवाजाला मऊ. चढावर मात्र जरा दमायची. नीलाला ती तिथल्या तिथे आवडली. मधुचा जीव यामाहाच्या पिकअपवर होता. मुंब्र्याच्या रस्त्यावर ट्रकमागे रखडायला नको, असं तो तिला घरी येईपर्यंत पटवत राहिला.

रविवारी सकाळी तो एकटाच कळव्याला गेला. गाडी जाळ्यांच्या ढिगाआड ताडपत्रीखाली होती. इंजिन एका किकमध्ये लागलं. उजवीकडचा फूटरेस्ट तेवढा वाकून घासला होता, आतलं लोखंड चकाकत होतं. मधुने विचारलं तेव्हा दामाजी म्हणाला की पोरगा चालवतो, आणि लगेच, गाडी आजच घेऊन जा म्हणाला. भावाची घासाघीस त्याने केलीच नाही. बोलता बोलता तो सारखा गल्लीच्या तोंडाकडे बघत होता. त्याची बायको शेवंती दारात उभी होती, तीही तिकडेच बघत होती.

मधु एक चक्कर मारायला निघाला, तेवढ्यात गल्लीतून पोरगा आला. चंदू. विशीतला, अंगाने सडपातळ, चेहरा एकदम शांत. बापाकडे त्याने पाहिलंही नाही. गाडी कळायची तर मागे मी पाहिजे, असं म्हणून तो बसला. दामाजी दोन पावलं पुढे आला, तोवर गाडी निघाली होती.

मुंब्र्याच्या रस्त्याला लागेपर्यंत चंदू मुकाट होता. मग त्याचा हात पुढे आला, मधुच्या मुठीवर बसला आणि त्याने थ्रॉटल पिळला. गाडी उसळली. समोर रेतीचा ट्रक होता. मधुने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण चंदूची बोटं त्याच्या मनगटात रुतली होती.

"म्हातारा बोलला नाय का, गाडी कुनाची हाय ती?" चंदू कानाशी म्हणाला, अगदी हळू.

ट्रकच्या मागच्या फळीवरची अक्षरं वाचता येतील इतकं अंतर उरलं, तेव्हा त्याने हात काढला. मधुने कशीबशी गाडी रस्त्याखाली उतरवली. चंदूने त्याला खांद्याला धरून उतरवलं, स्वतः पुढे बसला आणि गाडी नीट, सावकाश चालवत त्याला परत कळव्याला सोडलं. मग तो चहा प्यायला निघून गेला.

दामाजीने मधुला बाजूला घेतलं. महिन्यापूर्वी याच रस्त्यावर शर्यत लावताना चंदूचा मित्र महिपत मागच्या सीटवरून पडून जागीच मेला होता. चंदू रडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तेवढ्याच वेगाने गाडी घेऊन गेला, आणि तेव्हापासून रोज जात होता.

"तुमी नेली तर पोर वाचंल, सायेब," दामाजी म्हणाला.

मधुने विचार करून कळवतो म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मास्तरांची गाडी घेतली. नीलाला त्याने मायलेजचं कारण दिलं. पण तिला मनगटावरचे नखांचे वळ दिसले, आणि मग त्याला सगळं सांगावं लागलं.

"ती गाडी तिथून हलवायला हवी," ती म्हणाली. "आपण घेऊ आणि लांब कुठेतरी विकू."

पुढच्या रविवारी दोघं कळव्याला गेले. ताडपत्री रिकामी पडली होती. शेवंती अंगणात सुकट पसरत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की नवऱ्याने गाडी होडीत घातली आणि भरतीच्या पाण्यात खाडीच्या मधोमध नेऊन सोडली. चंदूने विचारलं, बापाने खरं सांगितलं. पोरगा ओरडलादेखील नाही. जेवला, हात धुतले आणि गेला.

"कुठे आहे तो?" नीलाने विचारलं.

"मुंब्र्याला दिसतो म्हनतात. दुसऱ्या कुनाच्या गाडीवर."

परत निघताना हमरस्त्याच्या तोंडाशी दामाजी उभा होता. गाडीचा आवाज ऐकून तो रस्त्यात आला आणि त्याने हात आडवा केला. मधुने ब्रेक दाबला. म्हाताऱ्याने वाकून त्याचा चेहरा नीट पाहिला. तो चंदू नव्हता, आणि मधुची ओळख काही त्याला पटली नाही. मग तो बाजूला झाला आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटरसायकलकडे बघू लागला.